एका टाकीत किती नद्या?

घरात काचेची टाकी आणली की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास पडतो: कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा? दुकानदार म्हणतो, "सगळे चालतात." आठवड्याने एकाची शेपटी कुरतडलेली दिसते, दुसरा दिसेनासा होतो. हा प्रश्न घरगुती वाटतो, पण त्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच नद्यांचा आहे. तो सांगायला मी तुम्हाला लखनौला नेणार आहे, शहराच्या दक्षिणेकडच्या तेलीबाग भागात.

लखनौच का? कारण या शहराची खूणच मासा आहे. बड्या इमामबाड्याच्या दरवाज्यांवर, नवाबांच्या जुन्या कमानींवर समोरासमोर दोन मासे दिसतात. उत्तर प्रदेशाच्या राजचिन्हातही दोन मासे आहेत. आपल्यालाही हा मासा परका नाही. मोगल दरबाराचा 'माहीमरातब' हा माशाच्या चिन्हाचा मोठा मान होता. १७९२ साली महादजी शिंद्यांनी पुण्यात पेशव्यांना बादशहाकडची मानाची वस्त्रं अर्पण केली, त्या समारंभात हा माहीमरातबही होता.

याच शहरात तेलीबागेजवळ, कॅनॉल रिंग रोडवर, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. १९८३ च्या डिसेंबरात ती अलाहाबादला सुरू झाली, पुढे लखनौला आली. देशात कोणत्या जातीचे मासे आहेत, ते कुठे आहेत आणि एक जात दुसरीहून वेगळी कशी, याची नोंद ठेवणं हे तिचं काम. इथे माशांच्या डीएनएवरून जात ओळखतात, नराचं बीज अतिथंड करून साठवतात. लोकांना बघता यावं म्हणून 'गंगा ॲक्वेरियम' नावाचं मत्स्यालयही आहे. आपण घरी वेगवेगळे मासे एकत्र आणतो; ही संस्था त्यांचं वेगळेपण जपते. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते शेवटी बघू.

आधी काच. चीनमध्ये गोल्डफिश पाळण्याची परंपरा सोंग राजवटीपासूनची, म्हणजे हजारेक वर्षांची. पण ते मासे कुंडात आणि हौदात असत. बंद काचेत मासा टिकवायचा कसा, हे उमगलं एका रसायनतज्ज्ञाला. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५५ लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने कुजकी पानं खाणाऱ्या पाणगोगलगाई आत सोडल्या, आणि पाणी निवळलं! १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. म्हणजे एकत्र नांदणारी ही टाकी तिघांची होती: मासा, वनस्पती आणि गोगलगाय. आज गोगलगाईचं बरंचसं काम फिल्टरमधले जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये, मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू जमायला तीन ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा जाती सोडल्या तर मासे आपसातल्या भांडणाने मरण्याआधी अमोनियाने मरतात.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरांत नेला. उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी युरोपातले शौकीन टाकीखाली दिवा लावून पाणी कोमट ठेवत. पुढे वीज आली, आणि उष्ण देशांचे मासे थंड देशांतल्या दिवाणखान्यात कायमचे राहायला आले.

ते आले कुठून? त्यातले पुष्कळ गंगेच्या खोऱ्यातून. ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन बंगालपासून गोरखपूरपर्यंत पाहणी करत फिरला आणि १८२२ साली त्याने गंगा व तिच्या उपनद्यांतल्या माशांवर ग्रंथ छापला. झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब, हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी, काचेसारखा पारदर्शक ग्लासफिश या आज जगभर विकल्या जाणाऱ्या जातींना शास्त्रीय नावं त्या ग्रंथात मिळाली. यातला झेब्रा डॅनियो तर प्रयोगशाळेत पोचला. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम केलं, १९८१ साली त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला, आणि आता माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं जोडीदार जनुक या माशात असल्याचं आपल्याला माहीत आहे.

दख्खनमध्ये हेच काम कर्नल विल्यम साइक्सने केलं. मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन त्याने १८३९ च्या सुमारास मांडलं. खुद्री, कोलूस, मुल्या ही त्याने माशांना दिलेली शास्त्रीय नावं. इथल्या बोलीतले शब्द त्याने लॅटिनच्या पंगतीला बसवले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोण कोणाबरोबर? नदी हेच त्याचं उत्तर. मासा कोणत्या पाण्यातला, किती उबेतला, वरच्या थरातला की तळातला, एकटा की थव्यातला, हे बघायचं. नुसता 'एका देशातला' असून भागत नाही. रोझी बार्ब आणि हनी गुरामी दोघेही गंगेच्या खोऱ्यातले. पण बार्ब धावरा आणि चोचरा, तर गुरामी पाणवनस्पतींत लपणारी लाजरी. अरुंद टाकीत गुरामी कोपरा धरते. झेब्रा डॅनियो आणि रोझी बार्ब मात्र एकमेकांना झेपतात. दोघांनाही जरा थंड पाणी चालतं, आणि सहा-आठच्या थव्यात असले की त्यांची खोडी आपसातच जिरते. एंजल आणि निऑन टेट्रा दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पण वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन मावतो. मावतो म्हणजे खाल्ला जातो, एवढं साधं आहे.

पाण्याचंही तसंच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड क्षारयुक्त जड पाण्यातले, निऑन हलक्या आम्लधर्मी पाण्यातले. लखनौच्या बोअरचं पाणी जड, मुंबईत येणारं धरणाचं पाणी हलकं. इंदूर, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही जिथे असाल तिथल्या नळाचं पाणी आधी तपासा, मासा नंतर निवडा. लखनौच्या थंडीत गुरामीसाठी हीटर असलेला बरा. मुंबईत बहुतेक वर्षभर हीटरची गरज पडत नाही.

इथवर टाकी. खरा धोका टाकीबाहेर आहे. 'काच साफ करतो' म्हणून आपण बोटाएवढा सकर आणतो. तो दक्षिण अमेरिकेतला. दीड-दोन वर्षांत हातभर होतो, टाकी पुरत नाही, आणि कोणीतरी दयेपोटी त्याला नदीत सोडतं. आज हा मासा गंगेच्या खोऱ्यात सापडतो, आणि भीमेवरच्या उजनीतही. त्याच्या अंगावरच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, तो काठात बिळं करतो, बाजारात त्याला भाव नाही. ज्या भीमेच्या माशांना साइक्सने नावं दिली, तिथल्या मच्छीमाराच्या जाळ्यात आज तो अडकतो. सरकारनेही हेच केलं होतं. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी आणला, १९२८ साली गॅम्बुसिया आणला. हेतू चांगला होता. पण गॅम्बुसिया अळ्यांबरोबर इथल्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातो.

म्हणून तेलीबागेतली ती नोंदवही महत्त्वाची. लाखो वर्षांत नद्यांनी जे वेगळं ठेवलं, ते आपण हौसेने एका काचेत आणतो. त्यात वावगं काही नाही. वॉरिंग्टनपासून माणूस त्यातून निसर्ग शिकला आहे. पण ती सरमिसळ काचेतच राहिली पाहिजे. टाकीबाहेर गेली की ती परत वेगळी करता येत नाही. कोणत्या नदीत पूर्वी काय होतं, हे फक्त नोंदीत उरतं.

तेव्हा मासा घ्यायच्या आधी विचारा, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? पैदास केलेला आहे की नदीतून धरलेला? आणि नको झाला तर दुकानात परत करा, ओळखीच्या शौकिनाला द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. विसर्जनाच्या दिवशीही नाही.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या गावच्या नदीतल्या पाच माशांची नावं घरातल्या थोरांना विचारून ठेवा.