एका पेटीतल्या तीन चुली

आपल्याकडे घरात वेगळी चूल मांडली की चार माणसे दबक्या आवाजात बोलू लागतात. यंत्रांच्या संसारात मात्र नेमकी उलटी रीत दिसते. आकड्यांच्या रूपात साठवलेले गाणे पुन्हा कानाला ऐकू येईल असे करणारी जी पेटी असते, जिला जाणकार 'डॅक' म्हणतात, ती घरच्या घरी बांधणारे हौशी कारागीर आज जगभर आहेत. या मंडळींचा पहिला आग्रह असा, की पेटी एक असली तरी तिच्यातल्या प्रत्येक विभागाला वीजपुरवठा वेगळा हवा. आकडे मोजणाऱ्यांची चूल निराळी, सूर घडवणाऱ्यांची निराळी. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल. पण या खुळाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळच्या रेडिओला एक नव्हे, तीन बॅटऱ्या लागत. 'ए' बॅटरी दिव्याची तार तापवी, 'बी' बॅटरी दिव्याच्या पत्र्याला मोठा दाब देई आणि 'सी' बॅटरी मधल्या जाळीला धाकात ठेवी. तेव्हाच्या रेडिओवाल्यांनी तीन चुली मांडल्या त्या निव्वळ गरजेपोटी. ॲसिडची जड बॅटरी वारंवार चार्जिंगला न्यायची, ती उचलताना धोतराला भोके पाडून घ्यायची, हा उपद्व्याप कोणाला हवा होता? म्हणून १९२५ च्या सुमारास घरातल्या विजेवर चालणारी साधने आली. टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी त्याच वर्षी बॅटरीवाचून चालणारा रेडिओ लोकांपुढे आणला. बॅटरी हद्दपार करणारे ते 'एलिमिनेटर'. हा शब्द आपल्या दुकानांतून अजून ऐकू येतो.

बॅटऱ्या गेल्या आणि घरात गुणगुण आली. बॅटरीची वीज तळ्यातल्या पाण्यासारखी निवांत असते. तारेतून येणारी वीज आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ती एका दिशेला वळवली तरी सेकंदाला १०० हिसक्यांची लहर तिच्यात शिल्लक राहते आणि तीच भुंग्यासारखी गाण्यात शिरते. ती दाबण्यासाठी कंडेन्सर आणि वेटोळी यांची फौज उभी करावी लागली. वीजपुरवठा म्हणजे केवळ इंधन नव्हे, गाणे त्याच्यातूनच घडते, हे कारागिरांना उमगले ते या भुंग्यामुळे.

आता आकड्यांकडे वळू. आवाज मोजून त्याचे आकडे पाठवावेत, म्हणजे वाटेत मिसळलेली खरखर आपोआप गळून पडेल, ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनियराला १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली. १९३८ साली त्याने फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्जही केला. पण काचेच्या दिव्यांच्या जमान्यात ती व्यवहारात उतरवणे म्हणजे हत्तींच्या पलटणीकडून मोत्यांची माळ ओवून घेण्यासारखे होते.

युद्धाने मात्र तो हत्तीचा खेळही करून दाखवला. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने बांधलेली 'सिग्सॅली' ही गुप्त टेलिफोन यंत्रणा १५ जुलै १९४३ रोजी सुरू झाली. तिचे एक टोक वॉशिंग्टनला पेंटॅगॉनमध्ये होते आणि दुसरे लंडनमध्ये, सेल्फ्रिजेस नावाच्या बड्या दुकानाच्या तळघरात! एकेका ठाण्याचे वजन सुमारे ५५ टन आणि विजेची भूक ३० किलोवॉट. बोलण्याचे दहा पट्टे पाडून प्रत्येकाचा जोर सेकंदाला ५० वेळा मोजायचा आणि तो अवघ्या सहा पायऱ्यांत बसवायचा. मग त्या आकड्यांत निव्वळ गोंगाटाचे आकडे मिसळायचे. हा गोंगाट ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भरलेला असे. एका तबकडीच्या दोनच प्रती, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही बरोबर एका लयीत फिरवायच्या आणि काम संपताच नष्ट करायच्या. दोन खंडांवर एकाच वेळी गोंगाटाची तबकडी लावून दोन राष्ट्रांचे धुरीण युद्धाचे बेत करीत, हे दृश्य मला तरी कोणत्याही कादंबरीत रचता आले नसते. आणखी गंमत म्हणजे तो गोंगाट मिळवला होता पाऱ्याच्या वाफेच्या मोठ्या दिव्यांतून, जे एरवी वीजपुरवठ्यातच वापरले जात. ज्या घरातला गोंगाट दाबायला पुढे लोकांनी जन्म घालवले, तोच येथे मुद्दाम जपून वापरला. ही हकीकत १९७६ पर्यंत जगाला ठाऊक नव्हती.

रीव्ह्ज १९७१ साली वारला. त्याची कल्पना घरोघर पोचवणारी कॉम्पॅक्ट डिस्क जपानात १ ऑक्टोबर १९८२ रोजी बाजारात आली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या या तबकडीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्या असतात. पायरी किती लहान? पेटीतून निघणारा आवाज नेहमीच्या दोन व्होल्टांचा धरला, तर एका व्होल्टाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम ८६ भाग. आकडे मोजणारा विभाग चालू-बंद, चालू-बंद असा धडधडत असतो, आणि प्रत्येक धडधडीला चुलीतून घासभर वीज ओढतो. चूल एकच असेल तर तो हिसका सूर घडवणाऱ्या विभागाला जाणवतो. ८६ भागांची पायरी मग कशी टिकावी? वेगळ्या वीजपुरवठ्याचे सारे मर्म या एका हिशेबात आहे.

फिलिप्सने १९८५ साली 'टीडीए १५४१' ही सोळा बिटांची चकती काढली. अठ्ठावीस पायांच्या या किड्याला तीन वीजपुरवठे लागतात: अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ व्होल्ट. साठ वर्षांनी ए, बी, सी बॅटऱ्या परत आल्या म्हणा ना! तिच्यातली युक्ती रूडी व्हॅन डे प्लासे या डच इंजिनियराची. विजेचे दोन अगदी समान भाग करणे कोणालाच साधत नाही. म्हणून त्याने दोन भागांची सतत अदलाबदल केली. दोन भावांत करंजी वाटताना आई एकदा मोठा तुकडा थोरल्याला देते, पुढच्या खेपेस धाकट्याला. दिवाळी संपेपर्यंत हिशेब बरोबर बसतो. या अदलाबदलीची थरथर शोषून घ्यायला चकतीभोवती चौदा लहान कंडेन्सर बसवावे लागतात.

हौशी कारागीर याहून पुढे जातात. ताल धरणाऱ्या स्फटिकाच्या घड्याळालाही ते स्वतंत्र चूल देतात, आणि हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो. कारण घड्याळ अब्जांश सेकंदाने चुकले तरी आकडे बरोबर असूनही सूर बिघडतो. पण चुली कितीही मांडा, जमिनीची तार शेवटी एका ठिकाणी जोडावीच लागते. ती दोन ठिकाणी जोडली की जुना भुंगा हजर. नीट जोडलेल्या एका चुलीपुढे गबाळ्या जोडणीच्या चार चुली हरतात, हे पैसेवाल्या हौशींना पटवणे कठीण जाते. काही पेट्यांत तर अर्ध्याहून अधिक वजन ट्रान्सफॉर्मरचेच असते आणि त्यातले किती कानासाठी व किती शेजाऱ्यासाठी, हा प्रश्न विचारू नये.

'टीडीए १५४१'चे उत्पादन कधीच थांबले. आता भंगारात गेलेले जुने सीडी प्लेयर उघडून, तापवलेल्या कथिलातून एकेक पाय सोडवून तो किडा बाहेर काढतात. बाजारात त्याच्या नकलाही फिरतात. म्हणून माहितगार गिऱ्हाईक सुटी चकती घेण्याऐवजी बंद पडलेला अख्खा प्लेयरच उचलतो आणि घरी नेऊन स्वतः खोलतो.