ऑर्बिट टॉवर: लंडनचं लाल शिल्प, त्यातली घसरगुंडी आणि तुमच्या फोनमधलं बॅरोमीटर

शहर वरून बघायला बांधलेला मनोरा आणि चौकात उभं केलेलं शिल्प या आपल्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. लंडनच्या पूर्व भागात, स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच सांगाड्यात आहेत. त्याचं नाव आर्सेलरमित्तल ऑर्बिट. उंची ११४.५ मीटर, म्हणजे साधारण ३५-३६ मजले. ब्रिटनमधलं हे सगळ्यात उंच शिल्प मानलं जातं.

ऑफिसच्या कामासाठी लंडनला गेले होते तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला आणि मी इथे गेले. लांबून पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, कोणीतरी लाल वायरचा गुंता करून उभा केलाय आणि तो आता पडणार. पण तो पडत नाही. का पडत नाही, वर काय आहे, आणि फोन घेऊन गेलात तर काय काय करून बघता येतं, ते या लेखात बघू.

कोणी बांधलं, कशासाठी?

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची आठवण म्हणून हा टॉवर उभा राहिला. रचना दोघांची: शिल्पकार अनिश कपूर आणि स्ट्रक्चरल डिझायनर सेसिल बालमंड. अनिश कपूर यांचा जन्म १९५४ मध्ये मुंबईत झाला. शिकागोमधलं चकचकीत ‘क्लाउड गेट’, ज्याला लोक ‘बीन’ म्हणतात आणि ज्याच्यासमोरचे सेल्फी तुम्ही इन्स्टावर नक्की पाहिले असतील, तेही त्यांचंच.

पैसा कुठून आला? एकूण खर्च सुमारे २ कोटी २७ लाख पौंड. त्यातले १ कोटी ९६ लाख लक्ष्मी मित्तल यांच्या पोलाद कंपनीने दिले, म्हणून नावात कंपनी आहे. बाकीचा पैसा सरकारी. तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी २००९ मध्ये दावोसला मित्तल यांना गाठून ही कल्पना गळी उतरवली होती. पोलादही त्याच कंपनीचं. त्यातलं जवळपास ६० टक्के पुनर्वापर केलेलं, म्हणजे एकेकाळचं भंगार.

वाकडातिकडा असून उभा कसा?

नीट बघितलं तर दोन भाग दिसतात. मधोमध एक उभा खांब आहे, ज्यात लिफ्ट आहेत. त्याच्याभोवती वळसे घेत फिरणारी लाल नळ्यांची जाळी. ही जाळी नुसती सजावट नाही. नळ्या एकमेकींना त्रिकोणात जोडल्या आहेत. चौकोनाचे कोपरे दाबले की तो तिरका होतो, त्रिकोण होत नाही. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. मोबाइल टॉवर, रेल्वेचे पूल, क्रेन, सगळीकडे हीच युक्ती आहे.

फरक इतकाच की मोबाइल टॉवरमध्ये सगळे त्रिकोण जवळपास सारखे असतात, इथे जोड जागोजागी वेगळ्या कोनात आहेत. असं काम कागदावरच्या नकाशांवर अवघड. संगणकात त्रिमितीय मॉडेल करून प्रत्येक नळीवर किती ताण येईल, वारा आला तर काय होईल हे मोजावं लागतं, आणि त्याच मॉडेलच्या मापांनुसार कारखान्यात तुकडे कापले जातात. जागेवर ते बोल्टने जोडले. असे सुमारे ३५,००० बोल्ट लागले.

वर गेल्यावर: फोनने उंची मोजा

बघायचे मजले दोन आहेत, एक सुमारे ७६ मीटरवर आणि एक ८० मीटरवर. हवा स्वच्छ असेल तर शार्ड, कॅनरी व्हार्फ, सेंट पॉलचा घुमट, सगळं दिसतं. मी लिफ्टमध्ये शिरण्याआधी फोनवर फायफॉक्स नावाचं अॅप चालू केलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं हे अॅप मोफत आहे आणि फोनमधले सेन्सर थेट वाचून दाखवतं.

बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर, म्हणजे बॅरोमीटर असतो. आयफोनमध्ये तो २०१४ च्या आयफोन ६ पासून आला. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बऱ्याचदा नसतो. तुमच्यात आहे का ते हेच अॅप सांगेल. वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीजवळ साधारण दर ८.४ मीटरला एक हेक्टोपास्कल.

माझ्या फोनवर खाली आणि वरच्या मजल्यावर ९.४ हेक्टोपास्कलचा फरक आला. ९.४ गुणिले ८.४ म्हणजे ७९ मीटर. पाटीवर ८०. तांदळाच्या दाण्याएवढ्या सेन्सरकडून एवढं मिळालं, भारी वाटलं.

हाच प्रयोग घरी करा. दहा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये साडेतीन हेक्टोपास्कलच्या आसपास फरक यायला हवा. एकच काळजी घ्या: दोन्ही आकडे काही मिनिटांच्या आत घ्या. हवामान बदललं की दाबही बदलतो, आणि मग तुमची इमारत दुपारपर्यंत उंच झालेली दिसेल.

जीपीएसने उंची का नाही मोजायची? कारण जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. शिवाय तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरी समुद्रसपाटी त्याच्या वर किंवा खाली असते. मुंबई-पुण्याकडे ती साठेक मीटर खाली आहे. म्हणून मुंबईत समुद्राकाठी उभं राहून एखादं अॅप उणे पन्नास मीटर दाखवत असेल, तर फोन बिघडलेला नाही. त्या अॅपने दुरुस्ती केलेली नाही, एवढंच.

आरसे आणि काच: फोटो काढताना

वर अनिश कपूर यांचे दोन मोठे अंतर्वक्र आरसे आहेत. शाळेत शिकलो होतो तेच: आरशाच्या अगदी जवळ गेलात की चेहरा मोठा आणि सुलटा, नाभीच्या पलीकडे मागे आलात की प्रतिमा उलटी. एक-एक पाऊल मागे जात बघा, मध्ये एका जागी सगळं फुटून पसरल्यासारखं होतं आणि मग अख्खी खोली, खिडकीबाहेरच्या लंडनसकट, उलटी लटकते.

इथे फोनचा ऑटोफोकस गोंधळतो, कारण प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर नसते. स्क्रीनवर आपल्या प्रतिबिंबावर टॅप करून फोकस द्या. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. खोलीचा अंदाज चुकून तो कान आणि केस पुसट करतो.

खिडकीतून शहराचा फोटो घेताना लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि फ्लॅश बंद करा, म्हणजे आतले दिवे फोटोत येणार नाहीत. पॅनोरमा घेताना स्वतः गोल फिरू नका, फोन जागच्या जागी फिरवा. नाहीतर जवळची लाल नळी तुटून दोन ठिकाणी दिसते.

फोटो टाकायला परवानगी लागते का? ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला हरकत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही अशी सूट आहे.

घसरगुंडीचं गणित

२०१६ च्या जूनमध्ये या शिल्पाला घसरगुंडी जोडली गेली. ती कार्स्टन होलर या कलाकाराची. बंद नळी, लांबी १७८ मीटर, बारा वळणं, सुमारे ४० सेकंद. वेग ताशी २४ किमीपर्यंत.

आता गंमत बघा. ७६ मीटरवरून घर्षणाशिवाय घसरलात तर खाली पोचताना वेग ताशी १३९ किमी असेल. मग २४ च का? वळणं आणि घर्षण. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे २४ चा वर्ग भागिले १३९ चा वर्ग केलं की जेमतेम ३ टक्के उरतात. बाकी ९७ टक्के ऊर्जेची उष्णता होते. मी गेले. मध्ये नळीचा पारदर्शक भाग लागतो, उजेड येतो आणि जातो, आणि ‘हे गणित मी आधी का केलं’ असं वाटेपर्यंत खाली.

शिल्पाला नोकरी लागते का?

खाली आल्यावर मी बाकावर बसून हेच वाचत होते. ऑलिम्पिक संपल्यावर टॉवर बंद झाला आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडला. लोक अपेक्षेएवढे आले नाहीत. २०१४-१५ या वर्षात ५ लाख २० हजार पौंडांचा तोटा झाला. घसरगुंडी आली ती यानंतर. ती महापौरांनी आपल्यावर लादली, असं अनिश कपूर यांनी जाहीरपणे सांगितलं. मग त्यांनीच होलर यांना सोबत घेतलं.

आणखी एक गोष्ट इथल्या कुठल्याही सेल्फीत येत नाही. बोस्नियातल्या ओमार्स्का खाणीत १९९२ मध्ये छळछावणी होती. पुढे ती खाण याच कंपनीच्या ताब्यात आली. तिथलं लोहखनिज या टॉवरमध्ये वापरलं गेलं, असं म्हणत छावणीतून वाचलेल्या लोकांनी २०१२ मध्ये ऑर्बिटला आपलं ‘परदेशातलं स्मारक’ जाहीर केलं. खाणीच्या जागी स्मारक व्हावं ही त्यांची मागणी होती. खनिज वापरल्याचं कंपनीने नाकारलं.

आयफेल टॉवरही १८८९ मध्ये वीस वर्षांसाठीच उभा केला होता, नंतर तो उतरवायचा होता. वाचला तो रेडिओच्या अँटेनामुळे. त्याला नोकरी लागली ती संदेश पाठवण्याची, ऑर्बिटला लागली ती माणसं घसरवण्याची. पण मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते त्या आरशांपाशी, जिथे काहीच करायचं नव्हतं, फक्त पुढे-मागे चालायचं होतं.

जायचं असेल तर स्टेशन स्ट्रॅटफर्ड. टॉवर आणि घसरगुंडी चालू आहे का हे निघण्याआधी अधिकृत वेबसाइटवर बघा. आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी खालचा दाब लिहून घ्यायला विसरू नका.