जुन्या गाडीचा नवा आवाज

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा गळा जेथवर पोचेल तेथवर सभा, असा साधा हिशेब होता. आज शेवटच्या ओळीतल्या माणसालाही आमचा शब्द ऐकू जातो, आणि त्यात आम्हांला काही नवल वाटत नाही. ज्या गोष्टीचे नवल वाटेनासे होते, तिचा इतिहास मात्र अवश्य पाहावा. म्हणून आम्ही एक वरवर हलका वाटणारा विषय घेतला आहे. जुन्या जीपमध्ये किंवा सुमोमध्ये आवाजाची नवी यंत्रणा बसवणे, हा तो विषय. हा पोरांचा शौक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कामगार संघटनेच्या कामात आमची तीस वर्षे अशाच गाड्यांत गेली. त्या शौकामागे आपल्या जिल्ह्याचा थोडा इतिहास आहे, आणि आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती चूक सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

प्रथम गाडीविषयी. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. परळीकडचा भाग सोडला तर जिल्ह्याला रेल्वे माहीत नव्हती. खुद्द बीड शहरात अहिल्यानगरहून प्रवासी गाडी आली ती 2025 च्या सप्टेंबरात. इतकी वर्षे इथल्या माणसाला दूर जायचे तर रस्त्यानेच जावे लागे, आणि रस्ता म्हणजे बहुधा खडी व फुफाटा. अशा मुलखात जीप चालली नसती तरच नवल. महायुद्धात नावारूपाला आलेल्या विलीज जीपची जुळणी 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत सुरू केली, आणि सरकारी अधिकारी, पुढारी व कंत्राटदार यांच्यामार्फत ती हळूहळू खेड्यापर्यंत आली.

आवाज यंत्राने मोठा करण्याची विद्या त्याआधीची आहे. अमेरिकेत जेन्सन व प्रिढॅम या दोघांनी 1915 च्या सुमारास असे यंत्र लोकांपुढे आणले, आणि 1919 साली सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन त्यांच्याच यंत्रावरून प्रचंड सभेपुढे बोलले. आपल्याकडे ही विद्या आली ती कर्ण्याच्या रूपाने. जीपच्या टपावर पुढेमागे तोंड केलेले दोन कर्णे, आत बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि हातात मायक्रोफोन घेतलेला एक कार्यकर्ता, हे निवडणुकीचे चित्र जुन्या मंडळींना आठवत असेल. 1967 साली क्रांतिसिंह नाना पाटील बीडमधून लोकसभेवर निवडून गेले, तो याच जीप-कर्ण्याचा काळ. आमचा जन्म त्यानंतरचा. पण त्या काळच्या गोष्टी आमच्या वडील मंडळींनी इतक्या वेळा सांगितल्या, की तो कर्णा आम्हीच ऐकला असे वाटते.

या कर्ण्याचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कर्ण्याच्या निमुळत्या नळीमुळे आतला छोटा पडदा बाहेरच्या हवेला चांगला जोर लावू शकतो. त्यामुळे थोड्या विजेत पुष्कळ आवाज होतो, आणि गाडीच्या एका बॅटरीवर सारे गाव ऐकते. गाण्याला मात्र तो कामाचा नाही. ढोलकीचा घुमारा त्यात मरतो आणि बाजाची पेटी चिरकी लागते. पण माणसाचे बोलणे कळायला ज्या मधल्या व वरच्या पट्टीच्या ध्वनींची गरज असते, ते कर्णा नेमके देतो. दिसायला ओबडधोबड असलेले हे यंत्र शब्दांशी प्रामाणिक होते.

त्या काळी कर्णा टपावर होता, पण बहुतेक जीपगाड्या आतून मुक्याच होत्या. मोटारीत रेडिओ बसवण्याची हिकमत अमेरिकेत 1930 साली गॅल्व्हिन बंधूंनी बाजारात आणली. परंतु व्हॉल्व्हच्या रेडिओला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत, आणि लढाईतल्या जीपची बॅटरी होती सहा व्होल्टची. मधला फरक भरून काढायला एक थरथरणारे यंत्र लागे. ते महागही होते आणि नाजूकही. 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे ही अडचण संपली. 1963 साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. 1980 च्या दशकात आपल्या देशात स्वस्त कॅसेटींचा पूर आला, आणि मग जीपला आतून कंठ फुटला.

हा बदल कोणी घडवला? गाडीच्या मालकाने क्वचितच. तो घडवला ड्रायव्हरने. काळी-पिवळी चालवणारी, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या ट्रकवर रात्र-रात्र बसणारी ही माणसे. पगारातून पैसे वाचवून त्यांनी टेप घेतला आणि दोन स्पीकर मागच्या फळीत बसवले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमाप यांचे आवाज त्यांनी घाटापलीकडे नेले. गाणे हा ड्रायव्हरचा शौक होता हे खरे. पण रात्री दोन वाजता डोळा लागू नये म्हणून तो त्याचा सोबतीही होता. संघटनेच्या मागण्यांत आम्ही विश्रांतीचे तास मागत राहिलो. ते मिळत नव्हते तोवर टेपने ती जागा कशीबशी सांभाळली.

1994 साली टाटांची सुमो आली. सुमंत मूळगावकर या थोर मराठी कारखानदाराच्या नावाची पहिली अक्षरे घेऊन हे नाव ठेवले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 2019 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, पण आपल्या रस्त्यांवर ती अद्याप दिसते. आमच्या संघटनेकडेही वर्गणीतून घेतलेली एक जुनी सुमो आहे. तिचा मूळचा टेप बंद पडला होता आणि दारातल्या स्पीकरचे कागदी पडदे फाटले होते. तेव्हा नवी यंत्रणा बसवावी असे ठरले, आणि येथेच आमची चूक झाली.

आमच्या तरुण सोबत्यांनी बाजारातून चार आकडी वॅट लिहिलेला ॲम्प्लिफायर आणि बेसचा मोठा खोका आणला. टपावरचा जुना कर्णा काढून टाकला, आणि मागचे दार उघडले की आतलाच आवाज मैदानभर जाईल अशी व्यवस्था केली. आम्हीही संमती दिली. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा समझोता झाला. हंगाम ऐन भरात होता. ही बातमी घेऊन आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर गेलो. दिवस मावळला होता, कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या. आम्ही मायक्रोफोन हाती घेतला आणि आकडा तीनदा सांगितला. जमीन हादरत होती. सभा संपल्यावर धारूरकडची एक वयस्क बाई जवळ येऊन म्हणाली, “भाऊ, आवाज लई झाला, पण बोल कळंना. आमच्या कोपीवर समद्यांना चोवीसच ऐकू आलं.”

चौतीस आणि चोवीस! कोयत्यामागे हंगामभर किती टन ऊस तुटतो याचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला या दहा टक्क्यांचा अर्थ सांगायला नको. उचल फिटायची की अंगावर राहायची, हे त्यावर ठरते. आम्ही कोपी-कोपी फिरून आकडा पुन्हा सांगितला, कागदावर लिहून दिला. परतताना गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. झाकण उघडून पाहिले तर ॲम्प्लिफायरची वायर कढत झाली होती, आणि बॅटरीजवळ फ्यूजच लावलेला नव्हता. गाडी पेटली नाही, एवढेच आमचे भाग्य.

त्यानंतर आम्ही या विद्येचा थोडा अभ्यास केला. शाळा आमची सातवीपर्यंतच झाली, पण गुणाकार-भागाकार येतो. गाडीची वीज चालत्या इंजिनावर चौदा व्होल्टच्या आसपास असते. तेवढ्यावर साधा टेप चार ओहमच्या एका स्पीकरला फार तर वीसएक वॅट स्वच्छ देऊ शकतो. डब्यावर पन्नास लिहिले असेल, तर तो आकडा आवाज फाटल्यानंतरचा समजावा. अधिक हवे तर व्होल्ट वाढवणारा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, आणि त्याची वीज अखेर त्याच बॅटरीतून येते. खऱ्या तीनशे वॅटसाठी तीसहून अधिक अँपिअर ओढले जातात. जुन्या गाडीचे जनित्र तर दिवे आणि भोंगा यांच्याच हिशेबाने बसवलेले. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे जाहिरातीतले वॅट विकत घेणे हा बहुतांशी तोट्याचा व्यवहार आहे.

आणि चौतीसचे चोवीस का झाले? ‘त’, ‘च’, ‘स’ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीच्या बारीक ध्वनींवर अवलंबून असते. खालच्या पट्टीचा घुमारा वाढला की तो या बारीक ध्वनींना झाकून टाकतो. स्वर उरतात आणि व्यंजने जातात. बेसच्या खोक्याने आमच्या वाक्यातला ‘त’ गिळला होता.

पुढे आम्ही गाडी पुन्हा उघडली. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी थर चिकटवला आणि पत्र्यातली भोके बुजवली. नाहीतर स्पीकरच्या पुढची आणि मागची लाट एकमेकींना मारतात. थोड्या विजेत अधिक बोलणारे साधे स्पीकर घेतले. वायर निव्वळ तांब्याची, जाड. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुईकुई येत होती, ती अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून जोड घट्ट केल्यावर गेली. बोलण्यासाठी कर्णा पुन्हा टपावर चढवला. बेसचा खोका विकला, आणि त्या पैशांत लांब वायरचा दुसरा मायक्रोफोन आणला. तो समोरच्या माणसांत फिरतो.

तरुण सोबती काही दिवस नाराज होते. त्यांच्या आनंदाशी आमचे वैर नाही. वरातीत नाचू नये असे आम्ही कधी म्हटले नाही. पण कारखान्यातल्या गोंगाटाविरुद्ध भांडताना आम्हीच सांगत आलो, की 85 डेसिबलच्या पुढे आठ तास काढले तर कानाला धोका, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. जो कान यंत्रापुढे वाचवायचा, तो मिरवणुकीच्या गाडीपुढे गमवायचा काय? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदीवर भर दिला. हे नियम श्रीमंताच्या झोपेसाठीच आहेत असे कोणी समजू नये. पहाटे चारला कोयता घेऊन निघणाऱ्या माणसाला झोपेची गरज अधिक आहे.

जुन्या जीपचा कर्णा बाहेरच्यांसाठी होता आणि ड्रायव्हरचा टेप आतल्यांसाठी. दोघांचे काम वेगळे होते, आणि दोघांनीही ते नीट केले. आम्ही दोन्ही कामे एका खोक्यावर सोपवली, आणि बोलणाऱ्याचा रुबाब वाढला तरी ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडले नाही. जुनी गाडी सुधारणाऱ्याने म्हणूनच दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारावे, की हा आवाज कोणी ऐकायचा आहे आणि त्याला काय कळायला हवे आहे. उत्तर मिळाले की खर्च आपोआप निम्मा होतो.

पुढच्या हंगामात आम्ही एका तळावर गेलो, तेव्हा लांब वायरचा मायक्रोफोन प्रथम बायकांकडे गेला. एकीने विचारले, “दर वाढला म्हनता, मग आमच्या पावतीवर जुनाच आकडा कसा?” प्रश्न टपावरच्या कर्ण्यातून साऱ्या तळाने ऐकला. मुकादमानेही ऐकला. दुसऱ्या दिवशी पावत्या तपासायला बसावे लागले.