गिरणगावातील खाणावळ आणि तिचा हिशेब

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास सांगू लागले की गाडी ताजमहालाशी येऊन थांबते. १९०३ च्या डिसेंबरात ते उघडले. त्याच्याही आधी, १८७१ साली, विलायतेहून आणलेल्या लोखंडी सांगाड्याचे वॉटसनचे हॉटेल सुरू झाले होते. मराठी माणसाला आपली वाटावी अशी वास्तू म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला तो ह्याच उतारूगृहात. ह्या साऱ्यांचे महत्त्व आहेच. परंतु परक्या माणसाला मोल घेऊन जेवू घालणे व निवारा देणे हा जर हॉटेलचा धंदा, तर मुंबईत तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला चाळीतल्या बायकांनी. आपल्या स्मरणिकेत त्यांची आठवण व्हावी म्हणून हा लेखप्रपंच.

पूर्वी आपल्याकडे वाटसरूची सोय नव्हती असे नाही. धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती. पंढरपूर-नाशकास बडव्यांच्या व उपाध्यायांच्या घरी यात्रेकरू उतरत. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. पण ह्या सर्वांच्या मुळाशी पुण्य होते, फार तर दक्षिणा. शिजवलेले अन्न विकणे हे हलके काम समजले जाई. ही समजूत मोडली ती कोणा सुधारकाच्या व्याख्यानाने नव्हे, गिरणीच्या भोंग्याने.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५६ साली कावसजी दावर ह्यांची कापसाची गिरणी ताडदेवास सुरू झाली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग चिमण्यांनी भरून गेला. रत्नागिरीकडचा कोकण्या आणि साताऱ्याकडचा घाटी दोघेही आले, ते बायकामुले गावी ठेवून. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे साडेपाचशेही बायका नव्हत्या. सरकारने त्या सुमारास बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत एका गावचे दहा-पंधरा, कधी अधिकही गडी राहत. भाडे वाटून घ्यायचे, भिंतीकडेला ट्रंका, वर दोरीवर कपडे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच पथारीवर आडवा होई. लॉजिंगची व्यवस्था अशी गावकीने परस्पर लावली. राहिला प्रश्न बोर्डिंगचा.

तो सोडवला खाणावळवालीने. ती बहुधा गिरणीकामगाराचीच बायको. कधी विधवा, कधी नवऱ्याने टाकलेली, कधी स्वतःच गिरणीतून काम सुटलेली. भांडवल म्हणजे दोन चुली, एक परात आणि मनगट. पहाटे नळाला पाणी येण्याआधी ती उठायची, कारण सकाळच्या पाळीचा डबा भोंग्यापूर्वी भरला पाहिजे. मग दुपारच्या पाळीची पंगत, मग सुटून आलेल्यांची. त्याच खोलीत तिची मुले, तिथेच धूर, तिथेच बाळंतपण. पंधरा-वीस जेवणकऱ्यांच्या भाकऱ्या दोन वेळा थापायच्या म्हणजे काय, हे आपणा भगिनींना सांगायला नको. मालवणीला माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला झणझणीत रस्सा, आणि एखाद्याचा सोमवार असला तर त्याचे निराळेच. एवढे करूनही ती 'घरीच असते' असे म्हणण्याची पद्धत होती!

आता धंद्याचे गणित पाहू. हॉटेलच्या व्यवसायात मोठी अडचण अशी की माल साठवता येत नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा भाड्याने देता येत नाही आणि उरलेली आमटी परवा विकता येत नाही. म्हणून बड्या हॉटेलांचे सारे लक्ष खोल्या भरण्याकडे असते. खाणावळीने ह्यावर सोपा तोडगा काढला, तो मासिक मेंबराचा. रोज किती पाने हे आदल्या दिवशीच ठाऊक, त्यामुळे नासाडी जवळजवळ नाहीच. गावी गेला तर तेवढे खाडे वजा करायचे. परंतु ह्या तोडग्यातच काच होता. गिरणीत महिन्याचा पगार महिना संपल्यावरही दहा-पंधरा दिवसांनी होई. हजाराहून कमी कामगार असतील तर सात दिवसांत, एरवी दहा दिवसांत पगार दिला पाहिजे असा नियम आला तो १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने. म्हणजे नव्या गड्याला खाणावळवाली पहिला पैसा हाती पडण्यापूर्वी सहा आठवडे उधारीवर जेवू घाली. ते धान्य ती आणी वाण्याकडून, तेही उधारीने, चढ्या भावाने. निकड पडली की सावकार किंवा पठाण. रुपयास महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा पंचाहत्तर! ताजमहालाच्या मालकांनाही ह्या दराने धंदा झेपला नसता.

ह्या पंगतींचे गुणगान करताना एक गोष्ट झाकू नये. खाणावळ गावाची तशी जातीचीही असे. कोणाच्या हातचे कोण जेवेल हे ठरलेले होते आणि उतारूगृहांतही तेच. परदेशी उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात नोकरीच्या गावी राहायला जागा मिळेना. पारशी सराईत ते पारशी नावाने उतरले आणि जात उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत जातीवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, हे कलम २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेत आले. त्यामागे हा अनुभवही असणार, असे मला वाटते.

संपाच्या दिवसांत खाणावळीची खरी कसोटी लागे. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. पगार बंद, पण पोट बंद होत नाही. पुढाऱ्यांची भाषणे वर्तमानपत्रांत छापून आली. संपकऱ्यांना उधारीवर वाढणाऱ्या बाईचे नाव कुठे आले नाही. १९७३-७४ च्या संपातही हेच झाले. बायकांनी भांडीकुंडी, दागिने गहाण टाकून चूल पेटती ठेवली. हे जवळून पाहिले प्रेमा पुरव ह्यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या ह्या कार्यकर्तीच्या ध्यानात आले की ह्या बायकांना दान नको, रास्त व्याजाचे कर्ज हवे. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेलेच होते. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि पहिल्या चौदा जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपये मिळवून दिले. तारण ठेवायला घर नाही, दुकान नाही, सही येत नाही; म्हणून एकमेकींनी एकमेकींची हमी घेतली. पुढे हजारो बायका ह्या मंडळात आल्या.

त्यानंतर १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक गिरण्यांची दारे पुन्हा उघडलीच नाहीत. गडी गावी परतले, ते परत येतील ह्या भरवशावर लिहिलेली उधारी वहीतच राहिली. ज्या बायका तगल्या त्यांनी पंगत मोडली, कचेऱ्यांना डबे पुरवू लागल्या, कार्यांची व पुरणपोळ्यांची कंत्राटे घेऊ लागल्या. त्या वेळी भांडी आणि गॅस घ्यायला लागणारा पैसा त्यांनी पठाणाकडून नव्हे, बँकेतून आणला.