खेळाडूची नोकरी : महाड-पोलादपूर, गिरणगाव आणि कबड्डी

प्रो कबड्डी लीगचा हंगाम सुरू झाला की मराठी क्रीडासमीक्षेत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : ज्या महाराष्ट्राने या खेळाला नियम दिले, संघटना दिली आणि प्रारंभीचे नामवंत खेळाडू दिले, त्या महाराष्ट्राचे खेळाडू लिलावाच्या अग्रभागी इतके मोजके का दिसतात आणि हरयाणाचे इतके अधिक का? त्यावरची उत्तरेही ठरलेली असतात. मराठी खेळाडू मातीत वाढतो आणि मॅटवर अडखळतो, त्याची शरीरयष्टी उत्तरेकडील खेळाडूंच्या तुलनेत लहान असते, प्रशिक्षण जुन्या वळणाचे असते, असे सांगितले जाते. या उत्तरांत तथ्याचा अंश आहे, तथापि ती सर्व मैदानाच्या रेषांच्या आतच घोटाळतात आणि खेळाडूचे पोट कशावर भरत होते, हे विचारत नाहीत. महाड आणि पोलादपूर या रायगडच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांचा, म्हणजे सव, दासगाव, बिरवाडी, उमरठ अशा गावांच्या सावित्रीखोऱ्याचा इतिहास पाहिला, तर कबड्डीतील व्यवसायाचा प्रारंभ 2014 मध्ये प्रो कबड्डीबरोबर झाला नसून, त्याआधीचा एक वेगळा, नोकरीवर उभा असलेला व्यवसाय तोपर्यंत बऱ्याच अंशी मोडून पडला होता, असे दिसून येते.

खेळाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ ‘हुतूतू’ या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे तीन प्रकार रूढ होते. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा खेळात येई, ‘गामिनी’त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, तर ‘अमर’ प्रकारात गडी बाद होऊनही मैदानातच थांबे आणि केवळ गुण मोजले जात. आजच्या कबड्डीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो आणि संपूर्ण संघ बाद झाल्यास ‘लोण’ चढून प्रतिपक्षाला दोन अतिरिक्त गुण मिळतात. म्हणजे तिचा मुख्य आधार संजीवनी हाच आहे. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि 1952 मध्ये मद्रास येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले आणि 1990 च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. बुवांचा जन्मदिन, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. या सर्व घडामोडी संघटनेच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. ज्या व्यवस्थेने खेळाडूला संध्याकाळी मैदानावर उतरण्याइतकी उसंत आणि महिन्याच्या अखेरीस पगार दिला, ती मात्र त्या इतिहासात क्वचितच आढळते.

सावित्रीखोऱ्यातील शेती एका पावसावर अवलंबून असलेली आहे. खालच्या सपाटीवर भाताची खाचरे, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी, आणि त्यापलीकडे सह्याद्रीची उभी भिंत, अशा भूमीत वाढत्या कुटुंबाचे पोट वर्षभर भरणे शक्य नव्हते. मुंबईत 1850 च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्यानंतर रत्नागिरी आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून मनुष्यबळाचा ओघ तिकडे वळला. महाड आणि पोलादपूर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याचे रायगड हे नामांतर 1981 मधले. रस्ते नव्हते तेव्हा माणसे बाणकोटच्या खाडीतून दासगाव बंदरामार्गे ये-जा करीत, नंतर महामार्गाने एसटीतून करू लागली, आणि 1993 मध्ये वीरपर्यंत कोकण रेल्वे आली तेव्हा या स्थलांतराला शतकाहून अधिक काळ लोटला होता. घरातील एक भाऊ मुंबईत आणि दुसरा शेतावर, अशी विभागणी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

हे स्थलांतर गाव सोडून जाणारे नव्हते. लालबाग, परळ, नायगाव, वरळी या गिरणगावातील चाळींत गावकीच्या खोल्या असत, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, जिच्यात पाळीनुसार माणसे झोपत आणि कामावर जात. याच खोल्यांतून गावाचे ‘मुंबई मंडळ’ चाले. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, शाळेची इमारत, शिमग्याच्या पालखीची व्यवस्था या कामांबरोबर गावाचा कबड्डी संघ हेही मंडळाचे एक काम होते. कबड्डीला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, विशेष पोशाखही लागत नाही. चाळीपुढचा मातीचा चौक किंवा पालिकेच्या मैदानाचा एक कोपरा तिला पुरतो. दिवसपाळी संपवून आलेला कामगार अंधार पडेपर्यंत तेथे खेळत असे. मुंबईत घोटून घेतलेला डाव मे महिन्याच्या सुट्टीत किंवा ग्रामदैवताच्या उत्सवात गावी येई, आणि भात कापून झालेल्या खाचरात चुन्याच्या रेषा आखून भरवलेल्या सामन्यांत गावच्या मुलांना तो प्रथम दिसे. खोऱ्यातील कबड्डीचे शिक्षण प्रामुख्याने या मार्गाने झाले. येथील गावांत प्रशिक्षकाची जागा चाकरमान्याने भरून काढली, ही गोष्ट क्रीडा-इतिहासकारांनी जितकी नोंदवायला हवी होती तितकी नोंदवलेली नाही.

चांगला खेळणारा मुलगा या साखळीतून वर सरकत असे. गावच्या संघातून तो मुंबईच्या स्थानिक मंडळात येई आणि तेथे नजरेत भरला की एखाद्या आस्थापनेच्या संघात जाई. गिरण्यांचे संघ होते, तसेच रेल्वे, बंदर, पोलीस, राष्ट्रीयीकृत बँका, तेल कंपन्या आणि मोटार कारखाने यांचेही संघ होते, आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांत औद्योगिक संघ परस्परांशी झुंजत. मुंबईतील मोठ्या स्पर्धांमध्ये मोहल्ल्यातील मंडळांसाठी स्थानिक गट आणि आस्थापनांच्या संघांसाठी ‘व्यावसायिक गट’ अशी वेगळी विभागणी असे, ती आजही आढळते. या गटातील खेळाडूला खेळाचे वेगळे मानधन मिळत नसे, परंतु त्याला नोकरी खेळामुळे लागलेली असे, सरावासाठी सवलत मिळे, स्पर्धेसाठी रजा मिळे, आणि गुडघा निखळला किंवा वय झाले तरी पगार थांबत नसे. कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार 1972 मध्ये महाराष्ट्राच्या सदानंद शेटे यांना मिळाला, तो काळ या व्यवस्थेच्या भरभराटीचा होता. ही व्यवस्था आदर्श नव्हती. ओळखीपाळखीवर निवड होत असे, स्त्री-खेळाडूंसाठी जागा अत्यल्प होत्या, आणि ज्या गावाचे मुंबईत बळकट मंडळ नसे तेथील मुलाला वाट सापडणे कठीण असे. तरीही कोकणातील गरीब घरातल्या मुलाने पंधरा वर्षे एका खेळात घालवण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरू शकत होता तो केवळ तिच्यामुळे, आणि त्याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही, परंतु गिरणगाव पूर्वस्थितीवर कधीच आले नाही. या संपाच्या आर्थिक आणि राजकीय परिणामांवर विपुल लिहिले गेले आहे. खेळावरील परिणामांवर फारच थोडे. महाड-पोलादपूरच्या अनेक घरांत मुंबईहून येणारी मनीऑर्डर थांबली आणि माणसे परत आली. गावकीच्या खोल्या पुढील दोन दशकांत एकामागून एक गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, चौक वाहनतळ झाले. नव्वदच्या दशकापासून सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांतील भरती आटत गेली, तेव्हा साखळीचा दुसरा दुवाही सैल झाला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांनी स्थानिक तरुणांना काम दिले, ही गोष्ट खरी. परंतु त्यातील बरेचसे काम कंत्राटी स्वरूपाचे राहिले, आणि कंत्राटदाराकडे रोजावर असलेला मुलगा सामन्यासाठी रजा मागू शकत नाही. गावागावांत स्पर्धा होत राहिल्या. प्रकाशझोतात, पहाटेपर्यंत, चषक आणि रोख बक्षिसांसह, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि ‘पब्लिक हिरो’ अशा पुरस्कारांसह त्या आजही होतात. खंडित झाली ती त्या खाचरातून निघून पगाराच्या नोकरीपर्यंत पोहोचवणारी वाट.

या पार्श्वभूमीवर 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम आठ संघांनिशी सुरू झाला. मुंबईच्या यू मुंबा संघाचे घरचे मैदान वरळीचे बंदिस्त क्रीडागृह होते, म्हणजे ज्या परिसरात एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत त्याच परिसरातले. संघाचा कर्णधार मात्र हरयाणाचा अनुप कुमार होता. पहिल्या हंगामात जयपूर पिंक पँथर्सकडून अंतिम सामना गमावलेल्या या संघाने 2015 मध्ये विजेतेपद मिळवले. अनुपच्या नेतृत्वाचे मराठी प्रेक्षकांनी मनापासून कौतुक केले आणि ते योग्यच होते. तरीही मुंबईच्या संघाला मुंबईचा कणा का सापडला नाही, या प्रश्नाचे उत्तर वरळीच्याच इतिहासात होते, आणि त्या दिशेने पाहिले गेले नाही.

लिलावाचे आकडे त्यानंतर वेगाने चढले. 2014 मध्ये सर्वाधिक बोली राकेश कुमारला 12 लाख 80 हजारांची होती. 2018 मध्ये रिशांक देवाडिगाला 1 कोटी 11 लाख आणि 2019 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाख मिळाले. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेली. क्रीडापानांनी या आकड्यांचे मथळे केले. खेळाडूच्या श्रमाला मोल मिळाले याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे, आणि कबड्डीपटूने आयुष्यभर गरीबच राहावे असे मानणाऱ्या जुन्या हळहळखोर लेखनापेक्षा हा आनंद निश्चितच निरोगी आहे. आक्षेप आहे तो समीक्षेने लिलावालाच खेळाचे अर्थशास्त्र समजण्यावर. आता बारा संघांची झालेली ही लीग जास्तीत जास्त काहीशे खेळाडूंना करारबद्ध करू शकते, तेही हंगामापुरते किंवा दोन हंगामांपुरते. रिशांक स्वतः लीगमध्ये नावारूपाला येताना भारत पेट्रोलियमच्या संघातून खेळत होता, ही माहिती त्याच्या बोलीच्या आकड्याइतक्या ठळकपणे छापली गेली नाही.

मॅटचा युक्तिवादही तपासून पाहण्याजोगा आहे. मॅटवर पाय घट्ट रोवला जातो, मातीवर तो किंचित सरकतो, त्यामुळे चढाईपटूच्या पवित्र्यात आणि बचावपटूच्या घोटापकडीत, म्हणजे चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्याला मध्यरेषेपासून रोखण्याच्या कौशल्यात, फरक पडतो हे खरे. परंतु जानेवारी 2018 मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रिशांकच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असे हरवून अकरा वर्षांनी अजिंक्यपद मिळवले, ते मॅटवरच. मातीने महाराष्ट्राला मागे ठेवले असते, तर हे घडले नसते. हरयाणाचे वेगळेपण अन्यत्र आहे : तेथे पदकाला सरकारी नोकरी आणि मोठे रोख पारितोषिक जोडलेले आहे, आणि सेनादल, रेल्वे व पोलीस यांत खेळाच्या बळावर प्रवेश मिळवण्याची वाट गावागावाला ठाऊक आहे. गिरणगावाने कोकणाला जे दिले होते, ते हरयाणात शासनाने आणि सैन्याने दिले. महाराष्ट्रातही शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु राज्य वा राष्ट्रीय स्तरापर्यंत पोहोचण्याआधीच, विसाव्या-एकविसाव्या वर्षी, रोजगारासाठी खेळ सोडणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही. जुन्या साखळीत आस्थापना त्याला याच वयात उचलत असत.

स्त्रियांच्या कबड्डीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. 2012 मध्ये पाटण्यात भारताने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या, आणि राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये देऊन गौरवले. 2016 मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची तीन संघांची स्पर्धा घेतली गेली आणि पुढील हंगामांत ती पुन्हा झाली नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांना अंतिम सामन्यात इराणने हरवले, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. या पराभवावर बरेच लिहिले गेले. एका मराठी प्रशिक्षिकेला आपले ज्ञान वापरण्यासाठी तेहरान गाठावे लागले, हे त्यात दुय्यम ठरले. खरे पाहता तीच त्या दिवशीची मुख्य बातमी होती.

मराठी क्रीडासमीक्षेला हे लिहिणे अपरिचित आहे असे नाही. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानातून देशी खेळांना, त्यांच्या संघटनांतील गैरव्यवहारांना आणि खेळाडूंच्या हलाखीला क्रिकेटच्या बरोबरीने जागा दिली, आणि मैदानाबाहेरचे मत मांडणे हा क्रीडालेखकाचा अधिकार असल्याचे दाखवून दिले. त्या परंपरेला साजेसे प्रश्न आज महाड-पोलादपूरच्या संदर्भात विचारता येण्यासारखे आहेत. औद्योगिक वसाहतीतील किती कारखाने कबड्डीचा संघ बाळगतात? कंत्राटी कामगाराला स्पर्धेची भरपगारी रजा मिळण्याची तरतूद कोण करणार? लीगच्या संघमालकांनी आपल्या राज्यातील जिल्हा संघटनांच्या कुमार गटातील, म्हणजे वीस वर्षांखालील, खेळाडूंच्या निर्वाहासाठी काही ठरावीक हिस्सा द्यावा की नाही? गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या खेळाडूचा करार संपल्यावर शस्त्रक्रियेचा आणि पुढील दोन वर्षांच्या घरखर्चाचा भार कोणी उचलायचा? आस्थापनेच्या संघातील खेळाडूला यातला शेवटचा प्रश्न पडत नसे. तो मैदानातून बाहेर पडला तरी हजेरीपटावर राही, निवृत्तीवेतन घेऊन गावी येई आणि मंडळाचा संघ हाती घेई.