कांट्याचें नांव

सेनेगालपासून सुदानपर्यंत आणि तेथून खालीं दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या विरळ रानांत एक कांटेरी झुडूप वाढतें. मोकळी जागा मिळाली तर तें झुडूपच राहतें. शेजारीं एखादें झाड सांपडलें कीं आपल्या आंकडेदार कांट्यांनीं त्याला धरून तें वर चढतें. फुलांचे तुरे पांढुरके, पण शेंगा तांबड्या-जांभळ्या. त्यांवरून दक्षिण आफ्रिकेंतील डच वसाहतवाल्यांच्या वंशजांनीं त्याला ‘ज्वाळाकांटा’ म्हटलें. शास्त्रज्ञांनीं दिलेल्या नांवाची हकीकत मात्र मला अधिक मनोरंजक वाटते. तींत वनस्पतिशास्त्र थोडें आणि इतिहास फार आहे.

१८२५ सालीं जिनीव्हाच्या द कांदोल यानें आपल्या ग्रंथांत त्याची नोंद ‘अकेशिया अटॅक्साकँथा’ अशी केली. याच्या अनेक भाईबंदांचे कांटे पेरापाशीं जोडीजोडीनें येतात. याचे दांडीवर वाटेल तसे विखुरलेले. म्हणून ग्रीक शब्द जोडून हें ‘अव्यवस्थित कांट्यांचें’ नांव! त्याच ग्रंथांत पांच-सहा पानें पुढें आपली शिकेकाईही याच कुळांत बसलेली आढळते. तीही अशीच कांट्यांच्या आधारानें चढणारी. ज्या शेंगा आपल्या आजीनें न्हाणीघरांत कढविल्या, त्यांचे आफ्रिकेंत असे आप्त आहेत हें वाचकांपैकीं पुष्कळांस नवीन वाटेल.

द कांदोलनें नांव दिलें तें टेबलाशीं बसून. विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाची तऱ्हा निराळी. १८११ पासून चार वर्षें तो दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागांत बैलगाडीनें हिंडला. तेथें याच कुळांतील दुसऱ्या एका झुडपाची फांदी तो तोडूं लागला, तेव्हां बरोबरच्या खोईखोई लोकांनीं त्याला सावध केलें. तरीही एक डहाळी बाहीला अडकली. ती सोडविण्यास दुसरा हात पुढें केला, तोही अडकला. अखेर टोपीसुद्धां कांट्यांनीं धरली. दोघां नोकरांनीं फांद्या छाटल्या तेव्हां स्वारी मोकळी झाली. या अपमानाचा सूड म्हणून त्यानें झुडपाला ‘अडवून धरणारी’ अशा अर्थाचें लॅटिन नांव ठेविलें. शास्त्रीय नांवांत इतका प्रामाणिक राग क्वचितच आढळतो.

या सर्वांचें कुलनाम मात्र एकच, ‘अकेशिया’. पहिल्या शतकांतील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ यानें मिसर देशांतील एका कांटेरी झाडास हा शब्द लाविला. त्या शब्दाचें मूळ ‘टोंक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांत दाखवितात. लंडनच्या चेल्सी उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर यानें १७५४ मध्यें त्याला कुळाचा दर्जा दिला. पुढें त्यांत ऑस्ट्रेलियांतील शेंकडों जाती येऊन मिळाल्या. त्यांतील बहुतेकांना कांटाच नाहीं! एकंदर जाती १३०० हून अधिक झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हें एक कूळ नसून अनेक आहेत असें ठरलें.

मग जुनें नांव कोणीं ठेवावयाचें? नियमाप्रमाणें कुळाची जी नमुना-जाती, तिच्याकडे नांव राहतें. ती जाती म्हणजे मिसरपासून महाराष्ट्रापर्यंत वाढणारी आपली बाभूळ. परंतु २००३ मध्यें ऑर्चर्ड व मॅस्लिन या ऑस्ट्रेलियन विद्वानांनीं नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी अशी सूचना केली. त्यांच्याकडे नऊशेंहून अधिक जाती. तेवढीं नांवें बदलण्याचा खटाटोप वांचेल, हा त्यांचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. २००५ सालीं व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत मतें घेतलीं. सुमारें ५५ टक्के मतें सूचनेच्या विरुद्ध पडलीं. पण समितीची शिफारस फेंटाळण्यास ६० टक्के लागत होतीं. बहुमत हरलें. पुढची परिषद २०११ मध्यें भरली ती मेलबर्न येथें, आणि तेथें हा निकाल कायम झाला.

माझें मत विचाराल तर सोय जिंकली आणि इतिहास हरला. कांट्यावरून आलेलें नांव बिनकांट्यांच्या घरीं गेलें. बाभूळ ‘व्हाचेलिया’ झाली. आपल्या ज्वाळाकांट्यापुरतें न्यायानें बोलावयाचें तर निकाल उलट लागता तरी त्याचें नांव बदलणारच होतें, कारण तो बाभळीच्या शाखेंतला नव्हे. २०१३ मध्यें तो ‘सेनेगालिया’ कुळांत गेला. हें नांव राफिनेस्क यानें १८३८ मध्येंच सुचविलें होतें. निदान आफ्रिकेच्या भूमीचें नांव तरी त्याच्या वांट्यास आलें. शिकेकाईही त्याच्याच मागें गेली.

आमच्या कॉलेजच्या कपाटांत कागदावर चिकटविलेली शिकेकाईची एक वाळकी फांदी आहे. खालीं कोणा जुन्या अध्यापकाच्या वळणदार अक्षरांत ‘अकेशिया कॉन्सिना’. वनस्पतिशास्त्राचे तरुण अध्यापक ती ओळ खोडूं लागले, तेव्हां मीं त्यांचा हात धरला. नवें नांव त्यांनीं खालीं पेन्सिलीनें लिहिलें.