म्यानावरून लेखणीवर

जपानच्या मेजी सरकारने २८ मार्च १८७६ रोजी हुकूम काढून सैनिक, पोलीस आणि काही अधिकारी यांच्याखेरीज कोणासही तलवार लावून हिंडण्याची मनाई केली. सामुराईंच्या कमरेचा मान गेला. त्यांच्यासोबत एक मोठा कारागीरवर्गही निराधार झाला: ‘त्सुबा’ म्हणजे परज घडविणारे, मुठीवर बसणाऱ्या ‘मेनुकी’ या धातूच्या चिमुकल्या आकृती कोरणारे आणि म्यानावर रोगण चढविणारे.

हे रोगण म्हणजे ‘उरुशी’. आपल्याकडील लाख कीटकांपासून मिळते; उरुशी हा एका वृक्षाचा चीक आहे. तो नुसता वाळून कठीण होत नाही, त्याला दमट आणि उबदार हवा लागते. पातळ थर द्यावा, वस्तू ओलसर कपाटात ठेवावी, घासावी, पुन्हा थर द्यावा, असे हे दीर्घ काम. ओलाव्यात घट्ट झालेले हेच कवच पुढे म्यानाच्या लाकडाला ओलाव्यापासून जपत असे. कारागीर त्यात शिंपल्यांचा चुरा पेरीत. माशाच्या खरबरीत कातड्यावर रोगण भरून ते गुळगुळीत घाशीत.

तलवार गेली आणि ही विद्या थेट लेखणीकडे आली, हे विधान आकर्षक असले तरी खरे नाही. मध्ये अर्धे शतक लोटले. तलवारीच्या साजाचे श्रेष्ठ कलावंत कानो नात्सुओ (१८२८–१८९८) यांनी नव्या नाण्यांसाठी काम केले. कित्येक कारागीर परदेशी बाजारपेठेसाठी फुलदाण्या आणि पेट्या घडवू लागले. लेखणीला रोगण लागले ते एका निराळ्याच अडचणीतून. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या नामिकी यांच्या कंपनीची पेने एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कठीण केलेल्या रबराची असत आणि उजेडाने त्यांचा रंग विटे. उरुशीने तो टिकला. मग ओल्या रोगणावर सोन्याची पूड शिंपडून चित्र उमटविण्याची ‘माकी-ए’ कला पेनावर अवतरली. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला. या पेनांवर काम केलेले मात्सुदा गोन्रोकु यांना १९५५ मध्ये जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविले.

आज काही कारागीर तलवारीच्या साजावरून पेने घडवितात. त्यांतील निव्वळ नक्कल आणि खरा वारसा यांतला भेद ओळखण्याची खूण साधी आहे. टोपणाला अडकवणी नसलेले पेन मेजावरून घरंगळते. तेथे मेनुकीसारखी उठावाची आकृती बसविली की ते थांबते. अलंकाराला पुन्हा काम मिळते. म्यानाला ओलाव्यापासून जपणाऱ्या रोगणाने एबोनाइटला उजेडापासून जपले, तेही असेच. हुकुमाने वस्तू नाहीशी करता येते. हातातली विद्या मात्र नव्या गरजेची वाट पाहत टिकून राहते. तोवर ती हातांतून हातांत पोचती करणारे कोणी असावे लागतात, एवढेच.